‘माझं अजून फिटलेलं नाही, देव मला कशी क्षमा करेल?’

ख्रिस्ती घरांतून येणारी माणसं हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. कृपा, म्हणजे देवाची न कमावता मिळणारी क्षमा, सगळ्यांसाठी आहे हे त्यांना तोंडपाठ असतं, फक्त आपण स्वतः त्यात बसत नाही अशी त्यांची खात्री असते.

कळव्याचे एक गृहस्थ आले होते. पन्नाशीतले, मूळचे नगरकडचे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दारूपायी त्यांनी बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या आणि त्या कधी सुटल्याच नाहीत. दारू सुटून वर्षं झाली, तरी प्रभुभोजनाच्या रविवारी (येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षाचा प्याला घेतात तेव्हा) उपदेश संपला की ते उठून बाहेर पडत. खिशात एक वही होती. उपास, दान, पहाटेची प्रार्थना, सगळं तारीखवार लिहिलेलं. ‘ताई, अजून बरंच बाकी आहे,’ ते म्हणाले.

मी त्यांना बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातला जक्कय वाचायला लावला. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि ‘आज मी तुझ्या घरी उतरणार’ म्हणतो. तोवर जक्कयने एक पैसाही परत केलेला नाही! अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट, हे तो नंतर बोलतो. कृपा म्हणजे हा क्रम. इफिसकरांच्या पत्रात (2:8-10) प्रेषित पौलही तसंच मांडतो: तारण हे देवाचं दान, आणि सत्कर्मं त्यानंतरची. या गृहस्थांच्या वहीत क्रम नेमका उलटा होता.

‘पण प्रभुभोजन अयोग्य रीतीने खाल्लं तर दोष लागतो ना?’ त्यांनी विचारलं. ही भीती मी फार जणांत पाहिली आहे. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण आधीच खाऊन-पिऊन तर्र होत आणि गरीब उपाशी राहत, त्यावर पौल संतापला होता (1 करिंथ 11). त्याच अध्यायात तो म्हणतो, स्वतःची परीक्षा करा आणि मग खा. दूर राहा, असं तो म्हणत नाही.

इथे एक सांगायलाच हवं. तीच कबुली दिवसातून अनेकदा द्यावीशी वाटत असेल, प्रार्थना ‘नीट झाली नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा करावी लागत असेल, तर तो मंत्रचळ (ओसीडी) हा मानसिक आजारही असू शकतो. त्यावर उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञाला जरूर भेटा. या गृहस्थांचं तसं नव्हतं.

यांच्या वहीत बायकोचं नाव कुठेच नव्हतं. सगळी फेड देवाकडे, आणि पाटल्या गेल्या तिच्या. मी हे बोलले तेव्हा ते बराच वेळ वहीची पानं उलटत राहिले. देवाने क्षमा केली म्हणून बायकोचं देणं संपत नाही. उलट देवाच्या दारी काही फेडायचं नाही हे पटलं, की तिच्यासमोर बसायचं बळ येतं.

घरी जाऊन त्यांनी तिची माफी मागितली. तिने अजून माफ केलेलं नाही, आणि तिला घाई करू नका असं मी त्यांना बजावलं आहे. प्रभुभोजनाबद्दल ते चर्चच्या पाळकसाहेबांशी (धर्मगुरूंशी) बोलणार आहेत. प्याल्यात वाइन असते की नुसता द्राक्षरस, तेही आधी विचारून घ्या, एवढं मी सांगितलं. दारू सोडलेल्या माणसाने ते विचारण्यात संकोच बाळगू नये.