कोडमध्ये सेन्सर बिघडल्याचं लिहिलेलंच नाही

प्रश्न : माझा मुलगा डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून आठ महिने अवजड यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ आहे. एका एक्स्कॅव्हेटरची ताकद कमी झाली होती. स्कॅनरवर कोड आला आणि याने नॉक्स सेन्सर बदलायला सांगितला. नवा महागडा सेन्सर बसवूनही तिसऱ्या दिवशी तोच कोड परत. सुपरवायझर चारचौघांत नको ते बोलले. तेव्हापासून म्हणतो, 'हे माझं काम नाही.' मध्येच महिनाभराचा एक स्कॅनिंगचा कोर्स करू का, असंही विचारतो. त्याचा मामा म्हणतो, डिझेलचे दिवस भरलेत, यात पडूच नको. त्याच्या वहीतला कोड लिहिते : एसपीएन ४३६४, एफएमआय १८.

उत्तर :

ताई, नमस्कार.

कोड लिहून पाठवलात हे फार बरं केलंत. त्यावरून अर्धं उत्तर मिळालं. समुपदेशनात येण्याआधी माझी बरीच वर्षं याच यंत्रांखाली गेली आहेत, त्यामुळे आधी मशीनबद्दल बोलतो. मुलाला हे पत्र वाचायला द्या.

एसपीएन म्हणजे तक्रार कशाबद्दल आहे, आणि एफएमआय म्हणजे ती कोणत्या प्रकारची आहे. ४३६४ हा आकडा कोणत्याही सेन्सरचा नाही. तो एससीआरच्या, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या, कार्यक्षमतेचा आहे, आणि १८ म्हणजे ती असायला हवी त्यापेक्षा कमी. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजेच नॉक्स, मारायला युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ, सायलेन्सरच्या वाटेत फवारतात. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि एससीआरमध्ये नॉक्सचं रूपांतर नायट्रोजन आणि पाण्यात होतं. आत जाताना नॉक्स किती आणि बाहेर पडताना किती, हे दोन सेन्सर मोजतात. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, वजाबाकी करतो आणि फरक पुरेसा दिसला नाही की हा कोड देतो. 'सेन्सर बिघडला' असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. बाहेरचा नॉक्स जास्त दिसतोय, एवढंच तो सांगतो, आणि तो कदाचित खरोखरच जास्त असेल.

मग बघायचं काय? सर्वांत स्वस्त गोष्ट आधी. टाकीतल्या डीईएफचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे द्रावणाची तीव्रता दाखवणाऱ्या उपकरणावर. युरिया ३२.५ टक्के भरला पाहिजे. कुणी पाणी घातलं असेल, तर नवा सेन्सर काय करणार? त्यानंतर डीईएफ फवारणारा इंजेक्टर काढून तोंडाशी पांढरे खडे धरलेत का ते पाहायचं, आणि डोसिंग टेस्ट लावून मापाच्या भांड्यात किती द्रावण पडतं ते मोजायचं. पाइपच्या जोडाला काजळीचा काळा ओघळ आहे का, तेही. आणि एक गोष्ट बऱ्याच जुन्या मेकॅनिकांनाही ठाऊक नसते : नॉक्स सेन्सरला अमोनिया आणि नॉक्स यांतला फरक कळत नाही. युरिया जास्त पडला आणि अमोनिया निसटला, तरी बाहेरचा आकडा फुगतो. म्हणजे कमी फवारलं तरी तोच कोड आणि जास्त फवारलं तरी तोच.

सेन्सर खरा की खोटा हे ठरवायची एक सोपी युक्ती आहे. इंजिन सुरू झाल्यावर सेन्सर लगेच जागे होत नाहीत. आतला सिरॅमिक भाग सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवावा लागतो आणि त्यावर पाण्याचा थेंब पडला तर तो तडकतो, म्हणून पाइप कोरडा होईपर्यंत ईसीएम थांबतो. सेन्सर जागे झाले, पण एक्झॉस्ट अजून फवारणीइतका तापलेला नाही, अशी थोडी वेळ मिळते. तेव्हा आतला आणि बाहेरचा आकडा साधारण सारखाच दिसायला हवा. सारखा दिसला, तर दोन्ही सेन्सरांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. चोर दुसरीकडे आहे.

हे त्याला कुणी शिकवलं होतं का? बहुधा नाही. आणि ताई, आठ महिन्यांचा शिकाऊ मुलगा महागडा सेन्सर स्वतःच्या सहीने मागवत नाही. कुणीतरी मान डोलावली असणारच. हे सुपरवायझरना ऐकवू नका, पण मुलाला जरूर सांगा.

माझीही फजिती सांगतो. लोडरवर डीपीएफच्या, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, डिफरन्शियल प्रेशर सेन्सरचा कोड होता. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक तो मोजतो. मी सेन्सर बदलला, मग दुसरा बदलला. तिसऱ्या दिवशी वैतागून सेन्सरला येणारी बोटभर जाडीची नळी काढली आणि तोंडाने फुंकली. फुंकर पलीकडे जाईना. नळी एका जागी लोंबत होती आणि त्या खोलगट भागात पाणी आणि काजळीचा चिखल बसला होता. साफ केली, क्लॅम्प वर घेतला, काम संपलं. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना तो सेन्सर शून्याच्या आसपास दाखवतो की नाही, एवढं पहिल्याच दिवशी पाहिलं असतं तर दोन्ही सेन्सर वाचले असते.

आता कोर्सबद्दल. पैसे भरण्याआधी एकच चौकशी करा : तिथे चालू इंजिनवर मुद्दाम बिघाड करून ठेवतात का? वायर तोडलेली, पिन सैल केलेली, नळी बुजवलेली. तसं असेल तर खुशाल पाठवा. नुसता स्कॅनर लावून कोड वाचायला शिकवत असतील, तर ते त्याला येतंच. कोड पुसायलाही येतं, आणि तीच या धंद्यातली वाईट खोड आहे. पुसला की त्याबरोबर साठवलेला फ्रीझ फ्रेमही बहुतेक वेळा जातो. बिघाडाच्या क्षणी तापमान किती, लोड किती, हे त्यातूनच कळतं.

त्याला खरी गरज आहे ती मल्टिमीटर आणि वायरिंग डायग्रामची. आणि मॅन्युअलमधलं इंग्रजी न अडखळता वाचण्याची, हे जरा कडू वाटलं तरी. तापमानाच्या दोन वायरींच्या सेन्सरचा 'व्होल्टेज कमी' असा कोड असेल, तर प्लग काढायचा. कोड उलटून 'व्होल्टेज जास्त' किंवा 'सर्किट तुटलं' असा झाला, तर वायर आणि ईसीएम ठीक, संशय सेन्सरवर. काहीच बदललं नाही, तर बहुधा वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झाली आहे. नॉक्स सेन्सर कॅन लाइनवर, म्हणजे यंत्रातले कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या दोन वायरींवरून बोलतात त्यांवर, बोलतात, तिथे बॅटरी तोडून दोन वायरींमध्ये ६० ओहम यायला हवेत, कारण दोन्ही टोकांना १२० चे रेझिस्टर समांतर बसलेले असतात. १२० आले, तर एक टोक सुटलंय. एवढं हातात बसलेला मुलगा वर्कशॉपमध्ये लपून राहत नाही. पुढे फील्ड सर्व्हिसला, डायग्नोस्टिकला, कधी ट्रेनिंग विभागातही अशीच माणसं घेतात.

एक सावधगिरी. त्याला कधीतरी कुणीतरी विचारेलच, 'हे सगळं बायपास करून दे ना.' युरिया बंद करून ईसीएमला खोटे सिग्नल देणारे एम्युलेटर सर्रास मिळतात. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे. या कामाची चटक लागली की बिघाड शोधायची सवय मोडते, म्हणून सुरुवातीलाच नाही म्हणायला शिकू दे.

मामांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. लहान यंत्रं बॅटरीवर येऊ लागली आहेत. पण आज काम करणारी डिझेल यंत्रं एका रात्रीत भंगारात जात नाहीत, आणि बॅटरीच्या यंत्रातही कॅन लाइन, सेन्सर आणि वायरिंग असतंच. हाय व्होल्टेजचं वेगळं प्रशिक्षण तेव्हा घेता येईल.

त्याने हे क्षेत्र सोडावं का? अपमानाच्या आठवड्यात हा निर्णय नको. तीन महिने थांबा. कोड चिठ्ठीवर लिहून फेकून देणारे खूप असतात, तुमच्या मुलाने तो वहीत उतरवला आणि घरी आणला, हे मला आवडलं.

उद्या त्याला एवढंच करायला सांगा. रात्रभर उभ्या असलेल्या मशीनला, इंजिन सुरू करण्याआधी, स्कॅनर लावायचा आणि एक्झॉस्टच्या सगळ्या तापमान सेन्सरांचे आकडे वहीत लिहायचे. थंड मशीनवर ते जवळजवळ सारखे असतात. एखादा वीसपंचवीस अंशांनी वेगळा दिसला, तर त्याचा प्लग उघडून पिनांचा फोटो काढायचा. आकडे आणि फोटो दोन्ही मला पाठवा.