सेन्सरचा ‘रीड फेल्ड’ आणि बाबांची बँक

तुझं पत्र दोनदा वाचलं. जिंतूरजवळच्या शेतातली ओल मोजायला तू रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर सेन्सर जोडलास, त्याचं लिनक्स मॉड्यूल, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जोडायचा कोडचा तुकडा, स्वतः लिहिलंस, आणि आता लॉग, म्हणजे कर्नलच्या नोंदी, उघडला की इशारेच इशारे. नांदेडच्या होस्टेलवरच्या मैत्रिणी म्हणतात, वेब डेव्हलपमेंट शिक. बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. ‘कर्नल मला जमणारच नाही का?’ असं तू विचारतेस.

आधी इशारे बघू. ‘आउट-ऑफ-ट्री मॉड्यूल टेंट्स कर्नल’ यात तुझी चूक नाही. मॉड्यूल मूळ कर्नलच्या कोडबाहेर तयार झालं, एवढीच ती नोंद. कर्नलवरच्या अशा खुणा आकड्यात दाखवणाऱ्या ‘टेंटेड’ फाइलीत दिसणारे ४०९६ त्याचेच. मॉड्यूल काढलं तरी रीबूटपर्यंत ते राहतात. ही ओळ एका बूटमध्ये एकदाच येते.

सतत येणारा ‘रीड फेल्ड’ मात्र तुझ्याच कोडमधला आहे. दर अपयशाला तू लूपमध्ये साधा प्रिंटके, म्हणजे लॉगमध्ये ओळ छापणारी आज्ञा, टाकलायस. कर्नलच्या लॉगला ठरावीकच जागा असते. ती भरली की जुन्या ओळी पुसल्या जातात, म्हणजे तुला हवी ती पहिली चूकच आधी जाते. तिथं प्रिंटकेचा रेटलिमिटेड, म्हणजे ओळींच्या वेगाला मर्यादा घालणारा, प्रकार वापर. तो सहसा ५ सेकंदांत १० ओळींवर जात नाही. पण त्याआधी एरर कोड छाप. पायवर वजा १२१ आला, तर बहुधा आयटूसी या सेन्सरच्या जोडणीवर सेन्सरने उत्तरच दिलेलं नाही. मग वायर आणि सेन्सरचा आयटूसी पत्ता तपास. कारण न शोधता इशारा नुसता बंद करू नकोस, हे कळकळीनं सांगते. ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) लिहिण्याचं काम म्हणजे रोज हेच शोधणं, आणि ते तू कुणी न सांगता सुरू केलंयस.

लिनक्स फाउंडेशनचा नवशिक्यांसाठीचा कर्नल कोर्स मोफत आहे, तो कर. मग स्टेजिंगमधल्या, म्हणजे कर्नलमध्ये अजून पक्क्या न झालेल्या, ड्रायव्हरांच्या टू-डू फाइली वाच, कोडची शैली तपासणारं चेकपॅच चालव आणि एक छोटा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठव. त्या कोडची जबाबदारी सांभाळणारे मेंटेनर दुरुस्त्या सांगतील. त्या करून दुसरी आवृत्ती पाठव. पुण्या-बेंगळुरूच्या एम्बेडेड (उपकरणांच्या आतल्या संगणकांवर काम करणाऱ्या) कंपन्यांत मुलाखतीला गेलीस की या सेन्सरची गोष्ट सविस्तर सांग.

बाबांचं म्हणणं मला पटतं. दुष्काळ पाहिलेल्या घराला पगाराची खात्री हवी असते, आणि कर्नलच्या जागा वेबपेक्षा कमीच. त्यांच्याकडे शेवटच्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत मुदत माग. सुट्टीत घरी गेलीस की सेन्सर शेतात लावून त्यांना आकडे दाखव. आणि तो एरर कोड काय निघाला, ते मला नक्की कळव.