नर्सिंग सोडून संशोधन? आधी वहीत छेद लिहा

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. नर्सिंग आहे. जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) दोन वर्षांपासून कंत्राटी नोकरी करते. आता म्हणते, अधिपरिचारिका भरतीची परीक्षा देत नाही, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करून बाळांच्या उपचारांवर संशोधन करायचंय. संशोधन म्हणजे लॅब ना? आणि तिथे नर्सचं ऐकतो कोण? – एक वडील, विदर्भ

नमस्कार. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर तुमच्याच विदर्भात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत, गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. वजन घ्यायचं, श्वास मोजायचे, बाळ गार पडलंय का बघायचं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायचं. तुलनेला, हे शिक्षण न दिलेली ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी घटलेलं भरलं. हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं १९९९ साली. आज तुमच्या गावची आशाताई बाळ-बाळंतिणीला बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढे बेचाळिसाव्यापर्यंत घरी येते, त्यामागे हे काम आहे. पण देशभर हा कार्यक्रम सुरू व्हायला २०११ उजाडलं. शिवाय इंजेक्शन काही आशांच्या हाती दिलं नाही. सरकार संशोधन अख्खं उचलत नाही, झेपेल तेवढं उचलतं. या वाटेला लागणाऱ्याला एवढी चिकाटी हवी.

थोडक्यात, इथे लॅब लागतेच असं नाही. तुमच्या मुलीची लॅब तिच्या वॉर्डातच आहे.

तिला विचारा, लेबर रूममधून येणाऱ्या बाळांचं तापमान किती असतं? ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की बाळ गार. ती हे रोज रजिस्टरला लिहीत असेल आणि पान उलटत असेल. आता एक साधी वही करावी. या आठवड्यात गार आलेली बाळं किती, आणि एकूण आलेली किती. दुसरा आकडा लोक हमखास विसरतात. ‘गेल्या महिन्यात दहा होती, आता सहाच’ हे ऐकायला छान वाटतं, पण मुळात बाळंच कमी आली असतील तर? अंश सगळ्यांना सापडतो, छेद लिहिणारा संशोधक.

मग कारण शोधायचं. वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र) बाळ जन्मल्यावर चालू होतो का? ओलं फडकं तसंच गुंडाळलेलं राहतं? उन्हाळ्यात डोक्यावर पंखा? एकच गोष्ट बदलायची आणि दोन आठवडे मोजायचं. इन्चार्ज सिस्टर आणि बालरोगतज्ज्ञांना आधी सांगूनच हे करावं, त्यांच्याशिवाय लेबर रूममधलं काही हलणार नाही. वहीत बाळाचं किंवा आईचं नाव नको. पुढे हे कुठे छापायचं मनात असेल, तर आकडे गोळा करण्याआधीच नैतिकता समितीची (माणसांवरचं संशोधन तपासणाऱ्या समितीची) परवानगी घ्यावी. या पद्धतीचं ‘पीओसीक्यूआय’ (उपचार होतात तिथेच गुणवत्ता सुधारणं) नावाचं प्रशिक्षण साहित्य जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया कार्यालयाने काढलं आहे, ते वॉर्डातल्या माणसांसाठीच आहे.

आता भरतीचं. माझं मत तिला आवडणार नाही, पण परीक्षा द्यावी. एमपीएच झालेल्यांना एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियानात), संस्थांमध्ये कामं मिळतात, पण बरीचशी कंत्राटीच असतात आणि दर नूतनीकरणाला जीव टांगणीला लागतो. एमपीएच दोन वर्षांनीही करता येतं. कायम नोकरी लागली तर शिक्षणासाठी रजेचे नियम काय आहेत, ते कार्यालयात लेखी विचारून घ्या, तोंडी नको.

एमपीएचसाठी टाटा समाजविज्ञान संस्था आणि तिरुअनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र बघा. आकड्यांतच रमत असेल तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम तिथूनच चालतं. पात्रता आणि फी मात्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघायची, ओळखीच्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. सोबत दोन आठवड्यांचे आकडे, छेदासकट.