पोथी नाही, पुरोहित नाही, मग बेने इस्राएल लोकांचा ज्यू धर्म कोकणात टिकला कसा?

मी बेने इस्राएल. आमचं घराणं मूळ पेणकडचं, आता आम्ही ठाण्यात असतो. तुमच्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर आहे: तो बायकांनी टिकवला, आणि मुख्यतः चुलीपाशी.

नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या, ही कथा आमच्यात प्रत्येक पोराला ठाऊक असते. 'शमा इस्राएल' ही प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली. पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या पवित्र वारी, बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं ते 1796 साली. त्याआधी जे काही होतं ते घरातच.

आणि घरात बरंच होतं. मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध, कारण मांसाबरोबर गाई-म्हशीचं दूध चालत नाही. खवले नसलेली मासळी घरात यायची नाही. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाच्या उपासाला जुनी माणसं 'बिरड्याचा रोजा' म्हणत, कारण त्या वेळी वालाचं बिरडं खायची रीत होती. योम किप्पूर, म्हणजे पापांची क्षमा मागायचा दिवस, हा आमचा 'दारफळणीचा सण': पांढरे कपडे, कडक उपास, दारं लावून दिवसभर घरात. नावं अस्सल कोकणी, पण आतला नेम मोशेच्या धर्माचा.

मला सगळ्यात जवळचा मलिदा, म्हणजे आमचा पोह्यांचा नैवेद्य आणि त्यासोबतची प्रार्थना. आई पोहे निवडते, धुते, निथळू देते. मग ओलं खोबरं, साखर, वेलची आणि सुका मेवा घालून हाताने हलकेच कालवते. ताटात मधोमध पोह्यांचा ढीग, भोवती फळं. एलियाहू हन्नबी, म्हणजे एलियाहू प्रेषित, यांचं गाणं झालं की प्रत्येक फळावर हिब्रू आशीर्वाद म्हणायचा, झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, आणि मगच खायचं. लग्नाआधी, नवस फेडताना, परीक्षा पार पडली तरी आमच्याकडे मलिदा होतो. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण दाखवतात, तिथेही लोक नवस बोलायला जातात.

इस्रायलमध्ये गेलेल्या आमच्या लोकांना साठच्या दशकात लग्न लावण्यासाठी पूर्वज ज्यू असल्याचे पुरावे मागितले गेले. मोठं आंदोलन झालं, 1964 साली सरकारने पूर्ण बरोबरीची ग्वाही दिली. ज्यांनी शतकानुशतकं शनिवार मोडला नाही त्यांना हे विचारावं, याचा मला आजही राग येतो. कागद आमच्याकडे नव्हतेच. माझी मावशी इस्रायलमध्ये अश्दोदला असते. तिच्या नातवंडांना मराठी जेमतेम कळतं, पण मलिद्याला पोहे कसे भिजवायचे हे त्यांना तिने शिकवलंय.