वाचकांचे प्रश्न : संपामुळे विमान रद्द झाले, तर प्रवाशाच्या हाती काय उरते?

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे (वय 67 आणि 62) दुबईला निघालो होतो. सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) दुपारी बंगळूरला पोहोचलो आणि तिथे कळले की, केबिन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकल्यामुळे रात्री साडेनऊचे पुढचे विमान रद्द झाले आहे. यजमानांच्या मधुमेहाच्या गोळ्या सांबऱ्यालाच थेट दुबईसाठी दिलेल्या बॅगेत होत्या आणि रात्रभरात मिळाला तो बिस्किटांचा एक पुडा. ‘संप आहे, आमच्या हातात काही नाही’ एवढेच उत्तर वारंवार मिळाले. दुसऱ्या दिवशी पदरचे पैसे घालून दुसऱ्या कंपनीची तिकिटे काढली. आता परताव्यासाठी कंपनी एजंटाकडे बोट दाखवते आणि बेळगावचा एजंट कंपनीकडे. आम्हाला खरोखरच काही मिळणार नाही का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्याला काउंटरवर जे सांगितले गेले, त्यात अर्धे सत्य आहे, आणि उरलेले अर्धे न सांगितल्यामुळेच आपले हाल झाले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, आगाऊ सूचना न देता विमान रद्द केल्यास आपल्याएवढ्या लांबीच्या प्रवासासाठी प्रत्येकी कमाल 10,000 रुपये, किंवा एकेरी मूळ भाडे व इंधन आकार मिळून होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरपाई द्यावी लागते. मात्र कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणांना या भरपाईतून सूट आहे आणि त्या कारणांच्या यादीत पूर, दंगल यांच्याबरोबर संप व कामगार तंटेही स्पष्टपणे घातलेले आहेत. म्हणजे ही रक्कम मिळणे कठीण आहे.

पण सूट आहे ती भरपाईपुरती. पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, यांतील निवड प्रवाशाचीच असते, आणि विमानतळावर आधीच पोहोचलेल्या प्रवाशाला पर्यायी विमानाची वाट पाहताना खाणेपिणे देणे हेही कंपनीचे काम आहे. संप असला तरी त्यातून तिची सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली, धुक्यामुळे कित्येक तास खोळंबलेल्या दिल्ली–हैदराबाद विमानाच्या प्रकरणात, विलंबाबद्दलची भरपाई नाकारली खरी; परंतु खोळंबलेल्या प्रवाशांची किमान काळजी घेण्याचे कर्तव्य कमी भाड्याच्या कंपनीलाही टाळता येत नाही, हे त्याच निकालात सांगितले. मधुमेहाच्या रुग्णाला रात्रभर बिस्किटांवर ठेवणे ही माझ्या मते उघड सेवात्रुटी आहे, आणि आपली तक्रार प्रामुख्याने याच मुद्द्यावर उभी करावी. हॉटेलच्या खर्चाबाबत मात्र कंपनीला वाद घालायला जागा आहे, कारण ती तरतूद मुख्यतः विलंबासाठी असून तिलाही अपवाद आहेत.

परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे. एजंट हा नियमांच्या दृष्टीने तिचाच प्रतिनिधी ठरतो, त्यामुळे आपल्याला दोघांमध्ये हेलपाटे घालण्याचे कारण नाही.

आपली बॅग सांबऱ्यालाच दुबईसाठी स्वीकारली गेली, यावरून दोन्ही टप्प्यांचे तिकीट एकच असावे, आणि ही आपल्या बाजूची मोठी गोष्ट आहे. आपल्या भागातील अनेक जण थोडे पैसे वाचवण्यासाठी बेळगाव–बंगळूर आणि पुढचा प्रवास अशी दोन वेगळी तिकिटे काढतात. मग पहिले विमान रद्द होऊन दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी त्याला जबाबदार राहत नाही. आखाती देशांत लेकरे असलेल्या प्रत्येक घराने हे ध्यानात ठेवावे, आणि औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत.

रद्द होण्याचे कारण कंपनीकडून लेखी मागून घ्या. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा कोणीही संपावर नव्हते. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आधीपासून ठाऊक असूनही मनुष्यबळाचे नियोजन अपुरे पडले होते. असे कारण ‘आवाक्याबाहेरचे’ म्हणता येत नाही.

कर्मचाऱ्यांवर मात्र राग धरू नये, अशी माझी विनंती आहे. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी अशीच सामूहिक रजा घेतली होती आणि दिल्लीत कामगार आयुक्तांसमोर बोलणी होताच तो तंटा काही दिवसांतच मिटला. जी गोष्ट एका बैठकीत मिटू शकते, तिला पुराच्या रांगेत बसवणे मला पटत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2021 साली एका स्कँडिनेव्हियन कंपनीच्या प्रकरणात, स्वतःच्याच वैमानिकांनी पगारासाठी केलेला संप ही असाधारण परिस्थिती नव्हे, असे ठरवून कंपनीला भरपाईतून सूट नाकारली. आपल्याकडेही नियमातील हे कलम बदलायला हवे.

तूर्त कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि सरकारच्या ‘एअरसेवा’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. उत्तर आले नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. त्यानंतरही दाद मिळाली नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार प्रवासी जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. म्हणजे आपल्याला बंगळूरला जावे लागणार नाही, बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देता येईल. सेवेसाठी, म्हणजे तिकिटासाठी, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. नव्या तिकिटांचा जादा खर्चही त्यात मागा. तो मंजूर होईलच असे मी सांगू शकत नाही, पण बोर्डिंग पास, एजंटाची पावती, रद्द झाल्याचा संदेश आणि त्या रात्री विकत घेतलेल्या खाण्याची बिले जपून ठेवली असतील, तर आपली बाजू भक्कम राहील.