16 बिटांचा डीएसी घेतल्यास मोटारीचा वेग स्थिर होईल का?

रिले (विजेवर चालणारा स्विच) चालू होताच एमसीपी4725 या 12 बिटांच्या डीएसीचे, म्हणजे अंकांवरून व्होल्टेज बनवणाऱ्या चिपचे, आउटपुट हलते व ड्राइव्हवरील (त्या व्होल्टेजप्रमाणे वेग ठरवणाऱ्या यंत्रणेवरील) मोटारीचा वेग बदलतो, तर 16 बिटांचा डीएसी घ्यावा का आणि पुढे ते व्होल्टेज वाढवणारा ऑप-अँप कोणता लावावा, असे आपण विचारले आहे. बिट वाढवून हा दोष जात नाही.

2016 साली भोसरीतील एका लहान कारखान्यात मी याच चिपचे कार्ड बनवले होते आणि तिचे आउटपुट दुप्पट करून ड्राइव्हला 0 ते 10 व्होल्ट देत होतो. दोन रिले एकदम ओढले गेले की 40 हर्ट्झवरची मोटार 39.4 वर येई. आमच्या वरिष्ठांनी कार्ड न पाहताच ‘12 बिट कमी पडतात’ असा निकाल दिला. मी मल्टिमीटर 5 व्होल्टच्या पुरवठ्यावर लावला, तेव्हा तो 5.02 वरून 4.95 वर, म्हणजे 1.4 टक्क्यांनी, उतरत होता आणि वेगही तेवढ्याच प्रमाणात घसरत होता. या चिपला संदर्भ व्होल्टेजची वेगळी पिन नाही. ती पुरवठ्यालाच मोजपट्टी मानते, आणि पट्टीच आखडली तर तिच्यावर 4096 खुणा आहेत की 65536, याने काय फरक पडणार?

तरीही वरिष्ठांनी 16 बिटांची महाग चिप मागवली. तिच्यात 2.5 व्होल्टचा स्वतःचा संदर्भ होता, त्यामुळे वेग स्थिर झाला आणि श्रेय बिटांना मिळाले. मी एमसीपी4921 या बाहेरून संदर्भ घेणाऱ्या डीएसीला एलएम4040 या स्थिर व्होल्टेज देणाऱ्या चिपचा 4.096 व्होल्टचा संदर्भ देऊन 12 बिटांतच तोच परिणाम साधला होता. एक पायरी बरोबर 1 मिलिव्होल्टची, हिशेबालाही सोपी. ते कार्ड कोणी लावूनसुद्धा पाहिले नाही. ते अजून माझ्या खणात आहे.

तेव्हा आपणही आधी पुरवठा मोजा. क्षणिक खड्डा मल्टिमीटरवर दिसत नाही, त्यासाठी ऑसिलोस्कोप लागेल. अर्थात, रिलेचा परतीचा प्रवाह डीएसीच्या ग्राउंडच्या तारेतूनच जात असेल, तर उत्तम संदर्भ लावूनही आउटपुट हलेल. ती तार प्रथम वेगळी करावी.

ऑप-अँप म्हणून एलएम358 पुरेसा आहे, मात्र त्याला निदान 12 व्होल्ट द्या, कारण त्याचे आउटपुट पुरवठ्याच्या सुमारे दीड व्होल्ट खालीच अडते.