पाटी वाचता येत नव्हती का?

"मॅडम, एक इचारू का? हे दोघं बापलेक दिवसभर पुस्तकात तोंड घालून बसायलेत. ती बी पोरासोरांची पुस्तकं. घरात एवढं दुखणं आलंय, त्याचं एक अक्षर बोलंनात. पोरगी रडंना, काही इचारंना. हे बरं लक्षण हाय का?"

मंगलताई हे विचारायला आल्या तेव्हा मे महिना होता. बाहेर ४२ अंश, आणि कॅन्सर हॉस्पिटलातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीतला कूलर पाण्यावाचून नुसता घरघरत होता. नवऱ्याला शेकासाठी, म्हणजे रेडिएशनसाठी, आत सोडून त्या तडक माझ्याकडे आल्या होत्या. कुटुंब परभणी जिल्ह्यातलं. नावं आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि तिघांना विचारूनच हे लिहिते आहे. नवरा विठ्ठलराव, ४७ वर्षांचे, एसटीत कंडक्टर. मुलगी ऋतुजा, आठवीची परीक्षा देऊन आलेली.

हा प्रश्न मला वर्षातून कितीतरी वेळा ऐकायला मिळतो. पुस्तकाच्या जागी कधी टीव्हीवरची मालिका असते, कधी मोबाइल, कधी पोथी. पेशंट आजाराचा विषयच काढत नाही, भलत्याच गोष्टीत रमतो. हे पळणं आहे का? आपण त्याला ओढून विषयावर आणायचं का?

विठ्ठलरावांना तोंडाचा कॅन्सर. फेब्रुवारीत छत्रपती संभाजीनगरला ऑपरेशन झालं. डाव्या गालाचा आतला भाग, खालच्या जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, आणि त्या जागी छातीवरचं मांस-कातडं वळवून लावलं. त्यानंतर ३० शेक. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे सहा आठवडे, शिवाय आठवड्याला केमोची एक सलाईन. रोज परभणीहून ये-जा जमणारी नव्हती, म्हणून मुकुंदवाडीत चुलत भावाच्या वरच्या खोलीत तिघांचा मुक्काम. जेवण बरेच दिवस नाकातल्या नळीतून. बोलणं तर जवळजवळ बंदच.

आणि हा माणूस बोलण्यावर जगणारा! गाडीत चढलेल्या शाळेच्या पोरांना ते गोष्टी सांगायचे. संभाजीनगरला मुक्कामी ड्यूटी असली की औरंगपुऱ्यात चक्कर मारायची, जुन्या पुस्तकांत हात घालायचा आणि सकाळी पोरीसाठी काहीतरी घेऊन परत. 'पोरीसाठी' हे नावाला. आधी स्वतः वाचायचे. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांच्याकडे पत्र्याच्या पेटीत होते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर बापलेकीच्या बोलण्यात घरातल्या माणसासारखा यायचा. मोठ्यांच्या कादंबऱ्या का नाही वाचत, असं मी एकदा विचारलं. त्यांनी लिहून दाखवलं, "त्यात माणसं नुसती बोलत बसतात. पोरांच्या पुस्तकात माणसं निघतात." जन्मभर गाडी निघायची घंटी वाजवलेल्या माणसाचं हे मत मला अजून खोडता आलेलं नाही.

लिहून दाखवायचे ते तिकिटाच्या रोलवर. मशीनमधल्या रोलांची उरलीसुरली शेपटं डेपोतल्या मित्रांनी पिशवीभर आणून दिली होती. चार बोटं रुंद कागद, त्यावर बॉलपेनने दोन ओळी, टर्रकन फाडायचं आणि पुढ्यात धरायचं. बघणाऱ्याला वाटे, हा अजून ड्यूटीवरच आहे.

इथे माझी एक चूक सांगते, कारण तीच चूक घरोघरी होताना बघते. मंगलताईंचं ऐकून दुसऱ्या दिवशी मी ऋतुजाला बोलावलं, आईला शेजारी बसवलं आणि सरळ विचारलं, "बाळा, अण्णांच्या आजाराची भीती वाटते का तुला?" ती पंख्याकडे बघत म्हणाली, "नाही." झालं. पुढची वीस मिनिटं मी आणि पंखाच बोलत होतो. चौदा वर्षांच्या मुलीला आईदेखत भीती कबूल करायला लावणं म्हणजे आईलाच रडवायला सांगणं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. त्या वयाची मुलं आईबापांना जपतात, आणि जपण्याची त्यांची रीत म्हणजे गप्प बसणं.

त्याच दिवशी मी दुसरा आगाऊपणा केला. कॅन्सरवर मात केलेल्या कुणाच्या तरी आत्मकथनाची प्रत विठ्ठलरावांना दिली. ती दोन दिवसांनी परत आली, आत रोलची चिठ्ठी. "चांगलं आहे. पण हे मला पाठ आहे." आजाऱ्याला भेटायला येणारे पाहुणेही हेच करतात. शहाळं, सफरचंदं, एक पोथी आणि 'अमक्याने कसं जिंकलं' असं पुस्तक. दिवसभर जो रोग अंगात वागवायचा, तोच रात्री उशाशी कशाला? काहींना अशा पुस्तकांनी खरंच धीर येतो, ते स्वतःहून मागतात. मागितल्याशिवाय देऊ नये, एवढं मी शिकले.

मग मी विचारणं सोडलं आणि बघायला लागले.

शेकाच्या वेळी डोक्यामानेवर जाळीचा मुखवटा बसवतात. तो गरम पाण्यात मऊ करून पेशंटच्याच चेहऱ्यावर आकाराला आणलेला असतो, आणि मान तसूभरही हलू नये म्हणून टेबलाला खटके लावून पक्का करतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम, शेक लागताना दुखत नाही. पण आत कोंडल्यासारखं होतं. धडधाकट गडी तिथे हात वर करून थांबवायला लावतात. विठ्ठलरावांनी पहिल्या आठवड्यात दोनदा थांबवलं होतं. तिसऱ्यांदा मात्र नाही, कारण ऋतुजाने युक्ती काढली. सकाळी रिक्षात ती प्रकरण वाचायची आणि ऐन अडचणीच्या जागी पुस्तक मिटायची. पोरगा विहिरीत उतरलाय, दोर तुटलाय, बास. "आता आत जाऊन इचार करा, हा बाहेर कसा येणार." जाळीखाली पडल्यापडल्या विठ्ठलराव दोर बांधत बसायचे. बाहेर आले की चिठ्ठीवर उत्तर, आणि मग पुस्तकातल्या उत्तराशी ताडून कुणाचं सरस ते ठरवायचं.

याला कुणी पळणं म्हणावं, मी म्हणणार नाही. ते पळत होते ते जाळीपासून, आणि टेबलावर निजूनच. शेक एकही चुकला नाही. मी घरच्यांना हेच बघायला सांगते. पुस्तकात रमलेला माणूस तपासणीला येतो का? गोळ्या घेतो का? डॉक्टरांनी विचारलेल्याला हो-नाही करतो का? करत असेल तर त्याला खुशाल विहिरीत उतरू द्या. उपचारच टाळायला लागला, किंवा आवडतं पुस्तक पुढे ठेवलं तरी पान उलटेना, झोप नाही, कशात राम नाही असं दोन आठवडे चाललं, तर आमच्याकडे आणा. तो दुसरा आजार असू शकतो आणि त्यालाही औषध आहे.

पुस्तकं दुसऱ्याही एका कामाला आली. शेकाने जबडा आखडतो. आपलीच तीन बोटं उभी तोंडात मावली पाहिजेत. त्यांची जेमतेम एक मावत होती. त्यावर व्यायाम असा की आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. सुरुवात सात काड्यांनी झाली. ऋतुजाने त्या काड्याच खुणेला वापरल्या. आज जितक्या काड्या, तितकी पानं वाचणार, एक जास्त नाही. माणूस कळ सोसून आठवी काडी सरकवायचा, कारण विहिरीतला पोरगा अजून विहिरीतच होता!

फास्टर फेणेचं ते 'ट्टॉक' विठ्ठलराव गाडीत वाजवून दाखवायचे. आता जिभेला तेवढी मोकळीक राहिली नव्हती. ती जागा आली की ऋतुजा वाचता वाचता थांबायची, त्यांच्याकडे बघायची, आणि त्यांनी बोट वर केलं की स्वतः वाजवायची. तिने 'भीती वाटते' असं मला कधी सांगितलं नाही. पण ऑपरेशनच्या वेळी तिला महिनाभर गावी आजीजवळ ठेवलं होतं, तेव्हा तिने प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' वाचलं. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपनचं. ते अण्णांना देताना आत चिठ्ठी होती, "याला घरच्यांनी कामून ठेवलं तिकडं, ते नीट सांगितलंच नाही त्याला." विठ्ठलरावांनी ती मला दाखवली आणि विचारलं, "हे लंपनचं आहे का हिचं?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्या रात्री त्यांनी पाच हात लांब रोल लिहिला. आजाराचं नाव, काय कापलं, काय लावलं, शेक कशासाठी, आणि हा रोग उष्ट्याने किंवा शेजारी बसल्याने लागत नाही हेसुद्धा. आजीने तिला गावी बापाचा पेला वेगळा ठेवायला लावला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

खरी चिठ्ठी मात्र शेवटच्या आठवड्यात आली. मंगलताई ती पदराच्या गाठीत बांधून घेऊन आल्या. कुठल्याशा साहसकथेत एक पोरगा पडक्या वाड्यात शिरतो आणि छत कोसळतं. दारावर 'धोका' अशी पाटी असते. ऋतुजाने त्या पानात लिहून ठेवलं होतं, "एवढी मोठी पाटी लावलेली. हा आत कामून गेला? वाचता येत नव्हती का?"

विठ्ठलराव वीस वर्षं पुडी खात होते. आधी गुटखा, २०१२ साली राज्यात बंदी आली, मग तंबाखू-सुपारी. तंबाखूच्या पुडीच्या ८५ टक्के भागावर ते भयंकर चित्र २०१६ पासून छापलेलं असतं. ऋतुजा लहानपणी ते चित्र बघून रडली होती आणि त्यांनी पुडी खिशात उलटी ठेवायला सुरुवात केली होती. हे मला मंगलताईंनी सांगितलं.

त्या चिठ्ठीखाली विठ्ठलरावांचं उत्तर होतं. "येत होती. रोज वाचत होता."

दोन दिवस वाचन बंद. मुकुंदवाडीच्या त्या खोलीत कुणी कुणाशी बोलेना. मंगलताई घाबरून मला म्हणाल्या, "मीच म्हणलं होतं बोला म्हणून. आता नको झालंय." मी म्हटलं, थांबा. राग असतोच. जिथे आजाराचं कारण माणसाच्या स्वतःच्या हातचं असतं तिथे तर पोरांच्या मनात भीतीच्या आधी राग असतो, आणि आजारी बापावर रागवायचं कसं हे त्यांना कुणीच शिकवलेलं नसतं. ऋतुजाला पडका वाडा सापडला. तिला समोर बसवून मी सात जन्मात हे काढून घेऊ शकले नसते. एकच सांगितलं, ती चिठ्ठी कुणी तिला वाचून दाखवू नका, 'म्हणजे तू अण्णांनाच म्हणतेस ना' असं कुणी विचारू नका. पुस्तकाआड उभं राहून बोलणाऱ्याला हात धरून बाहेर ओढलं की पुढच्या वेळी तो तिथेही येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात तिने पुस्तक काढलं आणि छत कोसळल्यापासून पुढे वाचायला लागली.

आता मंगलताईंबद्दल, ज्यांच्याकडे माझं सगळ्यात उशिरा लक्ष गेलं. त्या नळीतून पेज देत होत्या, तोंड साफ करत होत्या, जन आरोग्य योजनेचे कागद फिरवत होत्या, थोरल्या जावेचे टोमणे ऐकत होत्या. शिक्षण सातवी. बापलेक काय कुजबुजतात, कशावर चिठ्ठ्या फाडतात, त्यांना काहीच कळत नव्हतं. 'हे बरं लक्षण हाय का' या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता, आणि तो मी पहिल्याच दिवशी ऐकायला हवा होता. माझ्याशी कोण बोलणार? पुस्तकांत काही वाईट नव्हतं. खोलीत तीन माणसं होती आणि पुस्तक दोघांचंच होतं.

मी ऋतुजाला एवढंच म्हटलं, मोठ्याने वाच, आणि मागची गोष्ट आईला आधी सांग. मंगलताई आधी नाही म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं." पण रात्री भाजी निवडता निवडता कान तिकडे जायला लागला.

शेक संपल्यावर महिन्याभराने ते तपासणीला आले. नळी निघाली होती, पातळ खिचडी सुरू होती, काड्या अकरावर आल्या होत्या. तिघं माझ्या खोलीत बसली. नवं पुस्तक कुठवर आलं म्हणून मी ऋतुजाला विचारलं, तर बोलल्या मंगलताईच.

"मॅडम, हे पोरगं पाच दिवस झाले घरातून गायब हाय. चोर धरायलंय, नदी पोहायलंय. आन् ह्याची माय कुठंय? तिनं पोलिसात कामून दिलं नाही? लिहिणारानं एकदा बी इचारलं नाही तिला."

ऋतुजाने अण्णांकडे बघितलं. विठ्ठलरावांनी खिशातून रोल काढला, लिहिलं, टर्रकन फाडून बायकोच्या हातात दिलं. त्यांनी ते लांब धरून अक्षर अक्षर लावत वाचलं.

"पुढच्या भागात शोधू."

"शोधू काय," मंगलताई म्हणाल्या, "तोवर ती काय जेवली असंल का?"